मंजुरीपेक्षा जास्त

आमचे बंगळूरचे घरमालक भाडं वाढवण्याआधी भाडेकरूची मंजुरी घ्यायचे. एप्रिल लागायच्या दोन आठवडे आधी इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढून वर यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि विचारायचे, "पुढच्या वर्षी स्वल्प वाढवावं म्हणतो. तुमची हरकत?"

पहिल्या वर्षी मी पुणेरी बाणा दाखवायला म्हणून ठोकून दिलं, "आहे हरकत."

ते "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि उठून खाली गेले. त्या वर्षी भाडं वाढलं नाही. मी आठवडाभर किल्ला जिंकल्यासारखा घरात हिंडत होतो. शेवटी बायको म्हणाली, "एका भल्या माणसाने तुला विचारलं आणि तू त्याचा गैरफायदा घेतलास. याला जिंकणं तुमच्या घराण्यातच म्हणत असतील." पुढच्या एप्रिलमध्ये मी स्वतः खाली जाऊन दोन वर्षांची वाढ त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एका वर्षाची मोजून घेतली, उरलेली परत दिली.

"गेल्या वर्षीची मंजुरी नव्हती," म्हणाले.

इंदिरानगरच्या आतल्या गल्लीत त्यांचं जुनं घर होतं. खाली ते दोघं, वर आम्ही. घराण्याला इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली असं ते सांगत. त्यांचं मराठी मात्र अजून वाटेतच कुठेतरी रेंगाळलेलं होतं. "मी लिहिलो", "मी सांगितलो" असं बोलत, मधूनच कानडी पेरत. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा ही नवराबायकोची भावाबहिणीसारखी नावं ऐकून दोन दिवस अस्वस्थ होती.

अण्णांची सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली होती. ऑडिटर म्हटला की आपल्याला चिकट माणूस डोळ्यापुढे येतो. अण्णा चिकट अजिबात नव्हते. त्यांचं तत्त्व एवढंच होतं, की खर्च कितीही करा, पण आधी विचारा. घराचं अंदाजपत्रक ते दर वर्षी लिहून काढत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अक्कांना वाचून दाखवत. दूध, भाजी, औषधं, पाहुणे, देवधर्म. अक्का चिंच कोळता कोळता ऐकत आणि "साकु, पुरे आता, मंजूर," म्हणत. पाहुण्यांच्या सदरातले पैसे बहुधा डिसेंबरातच संपायचे, कारण अण्णांना माणसं आवडायची. मग जानेवारीत कोणी आलं की अण्णा पुन्हा त्या दारात. "दोघांची कॉफी. पूरक मागणी."

"किती वेळा सांगू, विचारू नका म्हणून!" आतून आवाज यायचा.

"विचारलो नाही तर तुला कळेल कसं, कोण आलंय?"

माझ्या आईचं अचानक हृदयाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा माझे पैसे नको तिथे गुंतलेले होते. मी कसाबसा खाली गेलो आणि अर्धंच वाक्य बोललो. अण्णा उठले, त्या दारात गेले, हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि परत येऊन माझ्यासमोर चेक लिहिला. आकडा मी दोनदा वाचला. तेवढ्या घाईतसुद्धा ते अक्कांना विचारून आले होते, हे माझ्या बायकोने मला पुढे कित्येकदा ऐकवलं. दर वेळी त्याआधी मी न विचारता काहीतरी विकत घेतलेलं असायचं, हा योगायोग.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत बजेट ओलांडणं हे कर्तबगारीचं लक्षण मानतात. ठरल्यापेक्षा जास्त खर्च करणाऱ्याचा प्रकल्प मोठा, म्हणून तो माणूसही मोठा. मी अण्णांना हे एकदा फुशारकीने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कंपनीच्या मालकाचे पैसे, त्याचं तो बघेल," ते म्हणाले. "सरकारात मालक कोण? विधानसभेचं सभागृह एका खात्याला वर्षाला शंभर रुपये देतं. खातं एकशेचार खर्च करतं. वरचे चार कोणी खाल्ले नाहीत, अगदी चांगल्या कामाला गेले. तरी ते बेकायदा. का? ते कोणी दिलेच नव्हते."

"मग आता त्या चार रुपयांचं करायचं काय?"

"परत सभागृहापुढे जायचं. सांगायचं, इतके जास्त झाले. त्यांनी विचारायचं, का झाले? आपण उत्तर द्यायचं. मग ते नियमित करतात. नाही केले तर ते चार रुपये तसेच लोंबकळत राहतात. आणि त्यांच्याबरोबर माणूसही."

हा लोंबकळणारा माणूस कोण, ते मला कळायला वर्ष गेलं. अण्णा दर मंगळवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन बसने शहरात जायचे आणि दुपारी चेहरा पाडून परत यायचे. मला वाटे, पेन्शनचं काही असेल. अक्कांनी एकदा जिन्यात मला गाठून सगळं सांगितलं.

अण्णांचा एक बालमित्र होता. गल्ली एक, शाळा एक, दोघंही इथलेच जुने मराठी. पुढे तो गरीब विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणाऱ्या एका छोट्या सरकारी खात्याचा प्रमुख झाला. अण्णा त्याचा उल्लेख नेहमी 'आमचा डायरेक्टर' असाच करत. एका वर्षी त्या खात्याने सभागृहाने दिलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च केला. हिशेब तपासायला नेमके अण्णा. अण्णांनी आक्षेप लिहिला. वर्ष संपलं, डायरेक्टर निवृत्त झाले, चौकशी बसली, आणि जास्तीचा खर्च सभागृहाने नियमित करेपर्यंत त्यांची निवृत्तीची मोठी रक्कम अडकून पडली. महिन्याचं हंगामी पेन्शन तेवढं यायचं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून डायरेक्टर अण्णांशी एक शब्द बोलले नव्हते.

"आणि हे दर मंगळवारी कुठे जातात ठाऊक आहे?" अक्का म्हणाल्या. "त्याचीच फाईल पुढे ढकलायला! आधी आपणच माणसाला अडकवायचं, मग त्याच्यासाठी आपणच जोडे झिजवायचे. अय्यो, असला माणूस कुठे पाहिलास?"

मी अण्णांना विचारलं, तुम्हीच का नाही जाऊन बोलत त्यांच्याशी?

"मी गेलो तर माफी मागायला गेल्यासारखं होईल," ते म्हणाले. "माफी मागण्यासारखं मी काही केलो नाही."

तेव्हापासून अण्णांच्या अर्जांचा टंकलेखक मी झालो. ते इंग्रजीत सांगत, मी लॅपटॉपवर उतरवून घेई आणि ऑफिसातून छापून आणी. अर्ज नेहमी दोन पानांचा. पहिल्या पानावर नियम, दुसऱ्यावर विनंती. सही करण्याआधी ते प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून दोनदा वाचत. माझ्या टंकलेखनातल्या चुका सापडल्या की त्यांना जो आनंद होई, तो पाहून मी पुढे पुढे एखादी मुद्दाम ठेवू लागलो.

एका मंगळवारी मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. फाईल ज्याच्या टेबलावर होती तो अधिकारी मध्यमवयीन आणि सज्जन दिसत होता. त्याने अण्णांना बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि माझ्याकडे वळून समजुतीने बोलला. सभागृहापर्यंत असली जुनी प्रकरणं जायला किती काळ लागेल सांगता येत नाही. पण सरांनीच एक पत्र दिलं, की त्या वेळी माझ्याकडून बेरजेत चूक झाली असावी, तर आक्षेपच उरणार नाही. मग महिन्याभरात फाईल बंद.

मी उत्साहाने अण्णांकडे पाहिलं. ते कॉफी संपवत होते.

"बेरीज बरोबर होती," एवढंच म्हणून ते उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच अधू, त्यामुळे आठवडाभर वाचायला पूर्ण बंदी. त्याच आठवड्यात अक्का वर आल्या. भाजीबाजारात त्यांना डायरेक्टरांची बायको भेटली होती. डायरेक्टरांचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते म्हणत होते की आधी माझे अडकलेले पैसे येऊ देत, कोणाकडून उसने घेणार नाही.

"तूच काहीतरी कर," अक्का म्हणाल्या. "त्या दोघांकडून काही होत नाही."

मला कोणी 'तूच' म्हटलं की माझी अक्कल जाते. मी ते पत्र लिहिलं. त्या वेळी माझ्याकडून बेरजेत चूक झाली असावी, असं गोल, नम्र इंग्रजीत, एका पानात. संध्याकाळी खाली गेलो. अण्णा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते.

"वाच," म्हणाले.

कागद समोर धरून मी त्यांना नेहमीचा अर्ज वाचून दाखवला. तोंडपाठच होता. नियम वाचले, विनंती वाचली. अण्णांनी हात पुढे केला. मी पेन दिलं, त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. त्यांनी सही केली. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये कागद धरून त्याची कड चोळली.

"दुसरं पान?"

"एकाच पानात बसवलं अण्णा. अक्षर जरा बारीक केलं."

"सरी," ते म्हणाले आणि कागद उशीखाली ठेवला. "राहू दे. डोळ्याची पट्टी निघाली की एकदा बघतो."

ते सात दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. एकदा मी उशीखालून कागद काढायला म्हणून गेलोही होतो, पण अण्णा त्या उशीवर डोकं ठेवून पडले होते, आणि काळ्या चष्म्याआड ते जागे आहेत की झोपलेत हे कळायला मार्ग नव्हता. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आंधळ्या माणसाची सही घेतलीस?" मी म्हणालो, "तात्पुरता आंधळा." ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आठव्या दिवशी अण्णा जिना चढून वर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तो कागद. खुर्चीच्या कडेवर बसले. मी म्हणालो, "चुकलं अण्णा. पण त्यांचे गुडघे..."

"ठाऊक आहे. हिने सांगितली." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "इंग्रजी चांगलं आहे. एकही चूक नाही. माझी सही मात्र तू मला न विचारता खर्च केलास."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"मग?"

"मग तू नाही ऐकून खाली मान घालून गेला असतास. तेवढंच." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तू मला खोटारडा केलास म्हणून रागावलो नाही. मी म्हातारा आहे, मला काय होतंय? पण त्याचा विचार केलास? फेब्रुवारीत त्याचे पैसे संपले. वसतिगृहात मुलं होती. तो मार्च संपेपर्यंत त्यांना जेवायला घातला. मंजुरी नसताना घातला. ते त्याने केलं ते बरोबर. मी ते लिहिलो, तेही बरोबर. आता तू म्हणतोस बेरीज चुकली. बेरीज चुकली म्हटलं की जास्तीचा खर्च झालाच नाही. म्हणजे ती मुलं जेवलीच नाहीत. म्हणजे त्याने आयुष्यात एक मोठं काम केला, तेही तू पुसून टाकलास."

मी कागद उचलला आणि फाडू लागलो.

"थांब," अण्णा म्हणाले. "मागची बाजू कोरी आहे. किराणाच्या यादीला होईल."

त्यानंतर मंगळवार सुरू झाले ते पहिल्यासारखेच. माझी लाज अशी, की मी ऑफिसचं काम टाकून दर मंगळवारी त्यांना गाडीने नेऊ लागलो. गुडघ्यांचं ऑपरेशन लांबलं ते लांबलंच. अक्का माझ्याशी आणि अण्णांशी दोघांशीही तिरकस बोलत. शेवटी, पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात, जुने जास्तीचे खर्च नियमित करण्याचं एक विधेयक येणार आणि त्याच्या यादीत ते खातं आहे, असं त्या सज्जन अधिकाऱ्यानेच फोन करून कळवलं. अण्णांनी प्रेक्षकांच्या सज्जाचे दोन पास मिळवले. एक स्वतःचा, एक माझा.

"विचारतील बघ," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी का होईना, कोणीतरी उठून विचारेल, हा खर्च का झाला? मंत्री उत्तर देतील. त्याचं नाव येणार नाही, पण त्याला कळेल की हे आपल्याबद्दल आहे."

सज्जात आमच्या दोन रांगा पुढे डायरेक्टर बसले होते. अक्कांकडून बातमी तिकडे पोचलीच असणार. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ताठ पाठ, मांडीवर काठी, शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि मान समोर वळवली.

खाली बराच वेळ कशावरून तरी आरडाओरड चालली होती. ती शमली, तेव्हा निम्मी बाकं रिकामी झाली होती. मग एक मंत्री उठले आणि कागदावरून घाईघाईने काहीतरी वाचलं. अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं. बाकांवरून "हौदु, हौदु" असे दोन-चार होकार आले. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

अण्णा कानामागे हात धरून पुढे वाकलेले होते. "आपलं कधी येणार?"

"आलं अण्णा. झालं पण."

"कोणी विचारलं?"

"नाही."

त्यांनी कानामागचा हात खाली घेतला नाही. पुढचा विषय कुठल्यातरी रस्त्याचा होता, तो ते तसेच ऐकत राहिले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा डायरेक्टर फाटकाबाहेरच्या झाडाखाली उभे होते. एका गुडघ्यावरचा भार काठीवर टाकून. मला वाटलं ते तोंड फिरवतील. त्यांनी काठी उचलून अण्णांकडे रोखली.

"काय ऑडिटर? झालं समाधान?"

तेवीस वर्षांनी आलेलं पहिलं वाक्य. अण्णा म्हणाले, "नाही."

"माझंही नाही. रात्रभर बसून उत्तर लिहून आणलो होतो." त्यांनी खिशातला कागद थोपटला. "कोणी विचारलं, आणि मंत्र्याला सांगता आलं नाही, तर चिठ्ठी पाठवीन म्हटलो."

सुरक्षेवाल्यांनी तिथून हलायला सांगितलं, म्हणून मी दोघांना जवळच्या एका उपाहारगृहात नेलं. उभ्याने खायची उंच टेबलं, स्टीलचे पेले. डायरेक्टरांना उभं राहवेना, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने आपलं स्टूल दिलं. मी कॉफी आणि इडली आणली. अण्णांनी ती बाजूला सारली, शर्ट नीट केला आणि आवाज न चढवता विचारलं,

"खात्याचा खर्च मंजुरीपेक्षा जास्त का झाला?"

डायरेक्टरांनी कागद काढला, पण उघडला नाही.

"फेब्रुवारीच्या मध्यात तांदूळ संपला. मी वर तीन पत्रं लिहिलो. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, मुलांना लवकर सुट्टी द्या, घरी पाठवा. मार्चमध्ये परीक्षा. आणि साहेब, घरी पाठवलेला मुलगा परत येत नाही. त्याला कोणीतरी विटांच्या भट्टीवर लावतं. मी दुकानदाराला म्हणालो, माल टाकत रहा, जबाबदारी माझी. रोज सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात आणि हुलग्याचं सार. अंडी बंद केलो. हे बरोबर नाही, ठाऊक होतं. परीक्षा झाली. सगळी बसली."

"सगळी?"

"एक कांजिण्यांनी राहिला."

अण्णांनी मान हलवली. आता त्यांनी टेबलाची कड धरली.

"आणखी एक. हे मला तेव्हाच का नाही सांगितलास? मी तुझ्याच ऑफिसात तीन आठवडे बसलो होतो. एका शब्दाने बोलला नाहीस."

"सांगितलो असतो तर तुला लिहायला जड गेलं असतं."

अण्णांनी टेबलाची कड सोडली. मी इडलीकडे पाहत राहिलो.

"आणि नंतर?" अण्णांनी विचारलं. "नंतरची एवढी वर्षं?"

"फाईल चालू होती ना," डायरेक्टर म्हणाले, हे काय विचारण्यासारखं आहे अशा आवाजात. "ज्याचा आक्षेप, त्याच्याशी बोललो असतो, तर लोक म्हणाले असते दोघांनी मिटवलं. तुझ्या कागदाची किंमत गेली असती. फाईल उघडी असताना ऑडिटरशी बोलायचं नाही, हा नियमच आहे."

अण्णांचा चेहरा मी पाहिला. सरकारी नियमांतलं त्यांना ठाऊक नाही असं काही नव्हतं, आणि ते सगळं एकदा आतल्या आत चाळून येत होते.

"असा नियम नाही रे," ते अगदी हळू म्हणाले. "कुठेच नाही."

डायरेक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"खरंच नाही?"

मी आयुष्यात सरकारी नियमांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही. पण त्या वेळी मी माझ्या सगळ्या वजनानिशी, खात्रीने, नाही अशी मान हलवली.